काचेचे कौल

(कोकणातील जुन्या कौलारू घरांत माजघर काळोखी असे. तेथे दिवसा उजेड आणण्यासाठी लोकांनी एक साधा आणि स्वस्त उपाय वापरला. त्या उपायाची, तसेच जगात इतरत्र शोधलेल्या अशाच काही उपायांची माहिती या पाठात दिली आहे. पाठ वाचताना आपल्या घरातील सर्वांत काळोखी जागा कोणती आणि तेथे कोण बसते, याचाही विचार करा.)



रत्नागिरी जिल्ह्यात समुद्रकिनाऱ्यालगत मालगुंड नावाचे गाव आहे. गणपतीपुळ्याहून ते अगदी जवळ आहे. आधुनिक मराठी कवितेचे जनक म्हणून ओळखले जाणारे कवी केशवसुत यांचा जन्म १८६६ साली या गावात झाला. त्यांचे स्मारक येथे उभारलेले आहे. १९९४ साली कवी कुसुमाग्रज यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. शाळेच्या सहली हे स्मारक पाहायला येतात.

अमेरिकेत एडिसन यांनी घरोघरी लावता येईल असा विजेचा दिवा १८७९ साली तयार केला. तेव्हा केशवसुत तेरा वर्षांचे होते. म्हणजे त्यांच्या लहानपणी मालगुंडातच काय, कोणत्याही गावातल्या घरी विजेचा दिवा नव्हता. रात्री तेलाचा दिवा लावत, हे तुम्हांला ठाऊक आहे. पण दिवसा काय करत? तुम्ही म्हणाल, दिवसा दिव्याची गरजच काय? सूर्य आहे ना!

सूर्य आहे, पण तो अंगणात आहे. घरात आहे का? हे पाहण्यासाठी आपण कोकणातल्या एका जुन्या घरात जाऊ या.

अंगणातून पायऱ्या चढल्या की पहिल्यांदा पडवी लागते. पडवीच्या आत ओटी असते. तेथे पाहुणे बसतात. ओटीच्या मागे माजघर, त्याच्या मागे स्वयंपाकघर आणि शेवटी मागची पडवी. भिंती जांभ्या दगडाच्या चिऱ्यांच्या आणि चांगल्या जाड असतात. वर उतरते कौलारू छप्पर असते. कोकणातील हिंदू कुटुंबे असोत की मुसलमान कुटुंबे, जुनी घरे याच जांभ्याची आणि याच कौलांची आहेत.

कोकणात जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत मुसळधार पाऊस पडतो. वारा सुटला की पाऊस आडवा येतो. भिंती भिजू नयेत म्हणून छपराचे पाखे खूप खाली आणलेले असतात. उंच माणसाला पडवीत शिरताना वाकावे लागते. पाऊस आत येऊ नये आणि चोराचिलटाची भीती नसावी म्हणून खिडक्याही थोड्या आणि लहान ठेवत. अशा रीतीने घर कोरडे राहते, पण पाऊस अडवणारे छप्परच उजेडही अडवते.

त्यातही माजघराची स्थिती सर्वांत वाईट असते. ते घराच्या मधोमध असते. त्याच्या पुढे खोली, मागे खोली आणि बहुतेक वेळा बाजूलाही खोल्या असतात. बाहेरची भिंतच त्याच्या वाट्याला येत नाही. मग खिडकी पाडणार कोठे? पाडली तरी ती दुसऱ्या खोलीतच उघडणार. म्हणून भर दुपारीही माजघरात काळोख असतो. उन्हातून आत आलेल्या माणसाला क्षणभर काहीच दिसत नाही.

आता एक प्रश्न विचारतो. या काळोखात कोण असे?

ओटीवर पुरुष बसत. तेथे उजेड असे. माजघरात आणि स्वयंपाकघरात घरातल्या बायका दिवसभर काम करत. बाळंतीण आणि तिचे बाळ आतल्या काळोख्या खोलीत असत. आजारी माणसाचे अंथरूणही बहुधा आतच असे. म्हणजे ज्यांना सगळा दिवस घरात काढावा लागे, त्यांच्याच वाट्याला सर्वांत कमी उजेड येई.

तुम्ही एखाद्या आजीला मागच्या दारात सूप घेऊन बसलेली पाहिली असेल. ती तांदळातले खडे निवडत असते. सुईत दोरा ओवायचा झाला, तरी ती दारातच येते. आपल्याला वाटते, आजी वाऱ्याला बसली आहे. खरे तर ती उजेडाला बसलेली असते.

हा काळोख कमी कसा करावा? दिवसा दिवा लावला तर तेल जळते, पैसे जातात आणि धूर होतो. मग कोकणातील लोकांनी छपराकडे पाहिले. उजेड भिंतीतून येत नसेल, तर तो वरून आणता येईल.

पूर्वी गरिबांच्या छपरावर गवत किंवा पेंढा असे. काही घरांवर कुंभाराने घडवलेली नळीची कौले असत. १८६५ साली बासेल मिशनने मंगळूर येथे कौलांचा कारखाना काढला. तेथे साच्यात दाबून चपटी कौले तयार होऊ लागली. त्या कौलांना खाचा असतात. एका कौलाची खाच दुसऱ्याच्या खाचेत बसते आणि कौल जागेवरून सरकत नाही. मंगळूरहून ही कौले गलबतांत भरून किनाऱ्यावरच्या बंदरांत येत. म्हणून त्यांना मंगलोरी कौले म्हणतात. पुढे इतर ठिकाणीही त्यांचे कारखाने निघाले.

सगळी कौले एकाच मापाची असण्याचा एक मोठा फायदा झाला. त्याच मापाचे आणि त्याच खाचांचे कौल काचेचेही बनवता येऊ लागले. छपरावरचे मातीचे एक कौल काढायचे आणि तेथे काचेचे कौल बसवायचे, एवढेच काम! भिंत फोडायला नको, चौकट करायला नको, गज बसवायला नकोत. अर्ध्या तासात माजघरात उजेड येतो. हे काम दर वर्षी पावसाळ्यापूर्वी घर शाकारताना सहज होते. उर्दूत ज्याला तुम्ही रोशनदान म्हणता, तसेच हे एक छोटेसे, पण छपरातले आणि पाऊस आत येऊ न देणारे रोशनदान आहे.

एवढ्याशा कौलातून असा किती उजेड येणार, असे तुम्हांला वाटेल. चला, आपण हिशेबच करू.

दिव्यातून निघणारा उजेड मोजण्यासाठी ल्युमेन हे एकक वापरतात. रॉकेलच्या लहान चिमणीचा उजेड सुमारे १० ल्युमेन असतो. तार तापून उजेड देणारा जुन्या पद्धतीचा ४० वॅटचा बल्ब सुमारे ४०० ल्युमेन उजेड देतो. आता आकाशाकडे पाहा. आकाश ढगाळ असले, तरी दिवसा एक चौरस मीटर जागेवर साधारणपणे १०,००० ल्युमेन उजेड पडतो. एक चौरस मीटर छपराला सुमारे १५ मंगलोरी कौले लागतात. म्हणजे एका कौलाच्या वाट्याला १०,००० भागिले १५, अर्थात सुमारे ६६७ ल्युमेन येतात. त्यातला काही उजेड काचेत आणि काचेवरच्या धुळीत जातो. तरीही ४० वॅटच्या बल्बइतका उजेड सहज आत उतरतो. अगदी काळे ढग दाटून आले तर तो कमी होतो. पण लख्ख ऊन असेल, तर तो याच्या कितीतरी पट वाढतो. चाळीसहून अधिक चिमण्या एकदम लावाव्यात, तेवढे काम एक कौल करते. त्यासाठी तेल लागत नाही, वीज लागत नाही आणि महिन्याचे बिलही येत नाही.

ऊन असले की काचेच्या कौलातून जमिनीवर उन्हाचा कवडसा पडतो. सूर्य सरकतो तसा कवडसाही सरकतो. घड्याळ नसलेल्या घरांत कवडसा कोठे आला आहे, हे पाहून माणसे वेळ ओळखत.

या कौलाचे काही दोषही आहेत. ते जाणून घेतले पाहिजेत. कवडशाचे ऊन कडक असते. त्याखाली अंथरूण घातले तर डोळ्यांवर ऊन येते. म्हणून कौल कोठे बसवायचे याचा आधी विचार करावा. चुलीजवळ, जात्याजवळ किंवा मुले अभ्यासाला बसतात तेथे ते उपयोगी पडते. उत्तरेकडच्या पाख्यावर बसवले, तर वर्षातील बराच काळ सौम्य उजेड मिळतो आणि खोली फार तापत नाही. खोलीवर फळ्यांचा माळा असेल, तर कौलातला उजेड माळ्यावरच अडतो. तेथे फळ्यांमध्ये थोडी जागा मोकळी ठेवावी लागते. काचेवर धूळ आणि शेवाळ साचते, म्हणून शाकारणीच्या वेळी ती पुसावी लागते. माकडांच्या उड्यांनी किंवा वरून पडलेल्या नारळाने कौल फुटते. मात्र ही कामे घरातल्या जाणत्या माणसांची आहेत. मुलांनी छपरावर चढू नये.

पण ज्यांच्या घरावर कौलेच नाहीत त्यांनी काय करावे? कोकणातील अनेक माणसे पोटापाण्यासाठी मुंबईला जातात. त्यांतील कित्येकांना दाटीवाटीच्या वस्तीत खोली घ्यावी लागते. तिन्ही बाजूंना दुसऱ्यांच्या खोल्या, समोर अरुंद गल्ली आणि डोक्यावर पत्रा! म्हणजे ते माजघरच झाले. अशीच स्थिती जगातल्या अनेक शहरांत आहे.

ब्राझील देशातील उबेराबा या गावी आल्फ्रेडो मोझर नावाचे मेकॅनिक राहत. २००२ साली त्या भागात वीज वारंवार जात असे. तेव्हा मोझर यांनी एक युक्ती केली. त्यांनी प्लॅस्टिकची दोन लिटरची रिकामी बाटली घेतली. तिच्यात स्वच्छ पाणी भरले. पाण्यात शेवाळ धरू नये म्हणून दोन झाकणे ब्लीच टाकले. मग पत्र्याला बाटलीच्या मापाचे भोक पाडून ती त्यात अशी बसवली, की तिचे तोंड वर आणि बाकीचा बराच भाग खोलीत राहील. पावसाचे पाणी झिरपू नये म्हणून भोकाच्या कडा नीट बंद केल्या. ऊन पडताच बाटली दिव्यासारखी उजळली. असा बाटलीचा दिवा भर उन्हात ४० ते ६० वॅटच्या बल्बइतका उजेड देतो.

बाटली कशासाठी? नुसते भोक पाडले तरी उजेड येईलच, असे कोणी म्हणेल. येईल, पण तो सरळ खाली एका ठिकाणी पडेल आणि बाकीची खोली काळोखीच राहील. बाटलीतल्या पाण्यात शिरताना प्रकाशकिरण वळतात. मग ते बाटलीच्या आतल्या बाजूंवर आपटत खाली येतात आणि बाहेर पडताना सगळीकडे पसरतात. प्रकाशाचे वक्रीभवन आणि परावर्तन तुम्ही विज्ञानाच्या तासाला शिकता. येथे ते छपरात बसून काम करते. जुन्या काळातील लाकडी जहाजांच्या डेकमध्येही याच हेतूने काचेचे जाड लोलक बसवत. तळातल्या खलाशांना त्यामुळे दिवा न पेटवता उजेड मिळे. लाकडाच्या जहाजावर आगीची भीती मोठी, म्हणून असा उजेड फार मोलाचा होता.

मोझर यांची युक्ती दूरवर पसरली. फिलिपाइन्स देशात २०११ साली इलॅक डियाझ यांनी ‘लिटर ऑफ लाइट’, म्हणजे ‘एक लिटर उजेड’, या नावाची चळवळ सुरू केली. तेथील गरीब वस्त्यांत हजारो घरांच्या पत्र्यांत बाटल्या बसल्या. ज्या बाटल्या कचऱ्यात जायच्या, त्यांनी घरे उजळली. मात्र आपल्याकडे बाटली बसवताना कोकणचा पाऊस विसरून चालणार नाही. कडा नीट बंद केल्या नाहीत, तर उजेडाबरोबर पाणीही घरात येईल. पत्र्याच्या घरात पारदर्शक पत्र्याचा एक तुकडा बसवला, तरी चांगला उजेड मिळतो.

आत आलेला उजेड जपून वापरणे हेही तितकेच महत्त्वाचे आहे. धुराने काळवंडलेली भिंत उजेड गिळून टाकते. तिला चुन्याचा पांढरा हात दिला, तर तीच भिंत उजेडाचा मोठा भाग खोलीत परत पाठवते. आरसाही असेच काम करतो. इटलीतील विगानेला हे गाव डोंगराच्या सावलीत आहे. हिवाळ्यात तेथे सुमारे तीन महिने ऊन पडत नसे. २००६ साली गावकऱ्यांनी समोरच्या डोंगरावर मोठा आरसा बसवला आणि चौकात ऊन आणले. आपल्याला डोंगरावर जाण्याची गरज नाही. दारातून येणारा उजेड जेथे पडतो तेथे एक साधा आरसा लावून पाहा. फरक लगेच कळेल.

मित्रांनो, काचेचे कौल आणि पाण्याची बाटली यांना एक मर्यादा आहे. सूर्य मावळला की दोन्ही विझतात. रात्री दिवा लागतोच.

पूर्वी कोनाड्यात पणती असे. भिंतीतल्या या जागेला तुम्ही ताक म्हणता. कोकणात उंडीच्या बियांचे तेल काढून तेही दिव्यांसाठी वापरत. पुढे रॉकेल आले. चिमणी आणि कंदील घरोघरी पेटू लागले. कंदील आणि मशाल हे मराठीतले शब्द मूळचे अरबी आहेत. तुमच्या उर्दूतही ते आहेत. उजेड नेणाऱ्या वस्तूंबरोबर त्यांची नावेही एका भाषेतून दुसऱ्या भाषेत गेली.

पण चिमणीचा उजेड मिणमिणता असतो. तिच्याशेजारी पुस्तक वाचायचे तर डोके ज्योतीजवळ न्यावे लागते. काजळी नाकातोंडात जाते. चिमणी कलंडली तर अंथरूण पेटते, कपडे पेटतात. बाटलीतले रॉकेल पाणी समजून लहान मुले पितात, असेही अपघात होतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ साली घरात रॉकेल जाळणे टाळावे, असा सल्ला दिला. जेथे दुसरा उपायच नाही, तेथे चिमणी उंच आणि सपाट जागी ठेवावी. ती लावून कधीही झोपू नये.

या अडचणीवर आपल्या महाराष्ट्रातही संशोधन झाले. सातारा जिल्ह्यातील फलटण येथे निंबकर कृषी संशोधन संस्था आहे. तेथे डॉ. अनिल राजवंशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रॉकेलवर चालणारा एक सुधारित कंदील तयार केला. त्यात गॅसबत्तीसारखी जाळी असते. त्याचा उजेड १०० वॅटच्या बल्बइतका पडतो. त्याचे नाव ‘नूरी’. नूर म्हणजे काय, हे तुम्हांला सांगायला नको!

त्यानंतर एलईडी दिवे स्वस्त झाले. एक वॅटचा एलईडी दिवा सुमारे १०० ल्युमेन उजेड देतो. म्हणजे दहा चिमण्यांचे काम तो धूर न करता करतो. दिवसा उन्हात ठेवलेली लहानशी सौर पाटी त्याला रात्रभराची वीज देऊ शकते. मुंबईच्या आय. आय. टी. ने २०१४ पासून एका प्रकल्पाद्वारे महाराष्ट्रासह काही राज्यांतील सुमारे दहा लाख विद्यार्थ्यांपर्यंत सौर दिवे पोहोचवले. हे दिवे जोडण्याचे आणि दुरुस्त करण्याचे काम गावातल्याच माणसांना शिकवले. ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. बिघडलेला दिवा गावातच दुरुस्त झाला, तरच तो खरा स्वस्त ठरतो. नाही तर तो कोपऱ्यात पडून राहतो आणि पुन्हा चिमणी बाहेर येते.

आता तर गावोगावी वीज पोहोचली आहे. मग हे सगळे कशाला शिकायचे, असे तुमच्या मनात आले असेल. देशातील सर्व गावांना वीज पोहोचल्याचे सरकारने २८ एप्रिल २०१८ रोजी जाहीर केले. पण गावातील दहा टक्के घरांत आणि शाळा, दवाखाना यांसारख्या सार्वजनिक ठिकाणी वीज आली, की त्या गावात वीज पोहोचली असे मानत. म्हणून उरलेल्या घरांसाठी २०१७ साली ‘सौभाग्य’ नावाची वेगळी योजना सुरू करावी लागली. शिवाय वीज आली तरी ती जातेही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ कोकणावर आदळले. रायगड आणि रत्नागिरी जिल्ह्यांत विजेचे असंख्य खांब पडले. अनेक गावांना कित्येक दिवस विजेविना राहावे लागले. त्या दिवसांत बटण दाबून माजघर उजळले नाही. ज्या घरांत काचेचे कौल शाबूत होते, तेथे सकाळ झाली की उजेड आपोआप आत येत होता.

म्हणून घरात उजेड आणताना एक क्रम ध्यानात ठेवा. बाहेर फुकट मिळणारा उजेड आधी आत घ्यावा. आत आलेला उजेड पांढऱ्या भिंतींनी वाढवावा. मग जेवढी गरज उरेल तेवढाच दिवा लावावा. दिवसा दारे बंद करून दिवा लावणे म्हणजे विहिरीजवळ बसून पाणी विकत घेणे होय.

आणि या सर्वांच्याही आधी एक गोष्ट करा. आज घरी गेल्यावर सगळ्या खोल्यांतून एकदा फिरा. सर्वांत काळोखी जागा कोणती आणि तेथे दिवसाचे किती तास कोण काम करते, ते पाहा. कदाचित ती तुमची आई असेल, कदाचित आजी असेल. तिला विचारा, “तुला येथे नीट दिसते का?” आजपर्यंत तिला हे कोणी विचारलेही नसेल. उजेडाचे काम या प्रश्नापासून सुरू होते.

शब्दार्थ आणि टिपा

माजघर – घराच्या मधल्या भागातील खोली
पडवी – घराच्या पुढची किंवा मागची उतरत्या छपराखालची जागा
ओटी – घरात शिरल्यावर बसण्याची उंच जागा
जांभा – कोकणात मिळणारा तांबड्या रंगाचा दगड
चिरा – बांधकामासाठी कापलेला दगड
पाखे – छपराच्या उतरत्या बाजू
शाकारणे – पावसाळ्यापूर्वी छप्पर नीट करणे
कवडसा – फटीतून किंवा काचेतून आत पडलेला उन्हाचा पट्टा
गलबत – शिडाचे जहाज
चिमणी – रॉकेलचा लहान दिवा (या शब्दाचा दुसरा अर्थ : एक लहान पक्षी)
काजळी – दिव्याच्या धुराने साचलेली काळी पूड
कोनाडा – भिंतीत ठेवलेली लहान पोकळ जागा
मिणमिणता – अगदी मंद
उंडी – समुद्रकिनाऱ्याजवळ वाढणारे एक झाड. त्याच्या बियांपासून तेल निघते.
केशवसुत – कवी कृष्णाजी केशव दामले यांचे टोपणनाव

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(१) केशवसुतांचा जन्म कोणत्या गावी झाला?
(२) मंगळूर येथील कौलांचा कारखाना कोणत्या साली निघाला?
(३) बाटलीतल्या पाण्यात ब्लीच कशासाठी टाकतात?
(४) ‘नूरी’ कंदील कोणत्या संस्थेने तयार केला?

प्र. २. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(१) माजघराला खिडकी का ठेवता येत नाही?
(२) काचेचे कौल बसवणे सोपे का आहे?
(३) नुसत्या भोकापेक्षा पाण्याची बाटली अधिक उपयोगी का ठरते?
(४) चिमणीपासून कोणकोणते धोके संभवतात?

प्र. ३. कारणे द्या.
(१) आजी खडे निवडायला दारात येऊन बसते.
(२) जुन्या घरांच्या छपराचे पाखे खाली आणलेले असतात.
(३) माजघराच्या भिंतींना चुना लावावा.

प्र. ४. हिशेब करा.
माजघरावर काचेची तीन कौले बसवली. पाठात दिलेल्या आकड्यांप्रमाणे ढगाळ दिवशी त्या तीन कौलांवर मिळून सुमारे किती ल्युमेन उजेड पडेल?

प्र. ५. खालील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा.
भर दुपारी, पोटापाण्यासाठी, दाटीवाटीची, सांगायला नको

प्र. ६. भाषाभ्यास
उर्दूत दोन लिंगे आहेत, मराठीत तीन आहेत.
पुल्लिंग : तो दिवा, तो कंदील, तो उजेड
स्त्रीलिंग : ती पणती, ती चिमणी, ती भिंत
नपुंसकलिंग : ते कौल, ते छप्पर, ते माजघर
खालील शब्दांपुढे ‘तो’, ‘ती’ किंवा ‘ते’ लिहा.
खिडकी, घर, आरसा, बाटली, अंगण, कवडसा, रॉकेल, ज्योत

प्र. ७. पाठात आलेले आणि उर्दूतही वापरले जाणारे शब्द शोधा व त्यांची यादी करा.

उपक्रम

बुटांचे एक रिकामे खोके घ्या. झाकणाला लहान बाटलीच्या जाडीचे भोक पाडा. खोक्याच्या एका बाजूला डोळा लावून पाहण्यापुरते छिद्र करा. खोके उन्हात ठेवा आणि आतला उजेड कसा पडतो ते पाहा. नंतर पाण्याने भरलेली पारदर्शक बाटली भोकात अर्धी आत जाईल अशी बसवा व पुन्हा पाहा. दोन्ही वेळा काय दिसले ते पाच-सहा वाक्यांत मराठीत लिहा आणि वर्गात वाचून दाखवा. (छिद्रातून सूर्याकडे पाहू नका.)